उत्तराला लागलेला वेळ

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खाली कमेंटमध्ये येऊन मला शहाणपण शिकवू नये, हे आधीच सांगते. माझ्या सख्ख्या दिराच्या घरात घडलेली आहे. अर्धी त्यांनी मला फोनवर सांगितली, तीही तुकड्या-तुकड्यांनी. उरलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

आणि रात्र-बित्र काही नव्हती हो. रविवार होता. सकाळचे अकरा वाजलेले. बाहेर डोळे दिपतील असं ऊन.

भाऊजींचं ऑफिस चौथ्या मजल्यावर. एकच लांबलचक खोली, साठ टेबलं, साठ खुर्च्या. त्या दिवशी त्यातली एकच भरलेली.

भाऊजींचं काम जरा जगावेगळं. एखादी यंत्रणा लोकांसाठी खुली करायच्या आधी ती गर्दीत टिकते का, ते बघायचं. त्यासाठी खरी माणसं कुठून आणणार? मग संगणकच एका दमात तीनशे खोटे कॉल करतो. भाऊजी त्यांना भाडोत्री म्हणायचे. प्रत्येक भाडोत्र्याला उत्तर मिळायला किती वेळ लागला, त्याचा आलेख पडद्यावर उमटत जातो. एक कॉल, एक ठिपका. ठिपका तळाशी, म्हणजे उत्तर झटकन मिळालं. ठिपका वर, म्हणजे माणूस ताटकळला.

बस्स, एवढंच. मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

त्या रविवारी तपासायची होती ती अँब्युलन्स बोलवायची हेल्पलाइन.

आता या धंद्यातली एक खोड सांगते. तीनशेतल्या दोनशे नव्याण्णवांना अर्ध्या सेकंदात उत्तर मिळालं आणि एकटा वर लटकला, तर त्या एकट्याला 'अपवाद' म्हणायचं आणि गाळून टाकायचं. ज्याला उत्तर मिळालंच नाही, त्याचा तर वेळही नाही आणि ठिपकाही नाही. आलेख गुळगुळीत. साहेब खूश.

भाऊजींनी हे एकदा घरी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. तेव्हा ताई पटकन म्हणाली, "म्हणजे दहा जण जेवायला बसले, नऊ जेवले, दहावा उपाशी उठला. तू दहाव्याला मोजतच नाहीस. आणि वर ढेकर देतोस!"

ताई म्हणजे माझी नणंद. सगळ्यांत थोरली. आईवडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची आणि भाऊजी नऊ. माझे मिस्टर मधले, ते लवकर नोकरीला बाहेरगावी गेले. धाकट्याला वाढवलं ते ताईने. स्वतःचं लग्न राहिलं, शिक्षण राहिलं, सगळं राहिलं. आता ती दोघंच एका घरात राहायची. आम्ही लांब, त्यामुळे भाऊजींना जवळचं असं ताईशिवाय कुणी नव्हतं, आणि ताईलाही तसंच.

आणि काय जीभ हो तिची! हाक मारायची खोटी, ओ आलीच. भांडणात समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं उत्तर तयार. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिलं वर्षभर तिला टरकून होते. खोटं कशाला बोलू?

तर, रविवार.

चार वाजेपर्यंत 'यंत्रणा पास' असा अहवाल पाठवायचा होता. पाठवला, की भाऊजी कंत्राटावरून कायम. नाही पाठवला, तर पुढच्या महिन्यापासून घरी बसा.

अकरा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी तीनशे भाडोत्री सोडले.

ठिपके पडायला लागले. सगळे तळाशी, मुंग्यांची रांग चालावी तसे. भाऊजींनी पाय टेबलावर टाकले.

बरोबर अकरा वाजून सोळा मिनिटं चाळीस सेकंदांनी...

वर, अगदी आलेखाच्या कपाळावर, एक ठिपका उमटला.

एकटाच.

भाऊजींनी त्यावर बाण नेला. उत्तराला लागलेला वेळ: अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

"हट्," म्हणाले, "अपवाद." आणि पुसला.

पण मनात काहीतरी खटकलं. म्हणून पुन्हा चाचणी लावली. या वेळी शंभरच भाडोत्री.

अकरा मिनिटं चाळीस सेकंद झाली...

ठिपका पुन्हा तिथेच.

यादी उघडली. शंभर सोडले होते. यादीत एकशे एक.

भाऊजींनी पाय टेबलावरून खाली घेतले. कारण अकरा मिनिटं चाळीस सेकंद हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता, आणि हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं.

आदल्या वर्षी याच हेल्पलाइनची जुनी यंत्रणा त्यांनीच पास केली होती. तेव्हाही काही भाडोत्र्यांना उत्तर मिळालं नव्हतं, आणि भाऊजींनी ते गाळले होते. पुढे दोन महिन्यांनी एका बाईने अँब्युलन्ससाठी फोन केला. छातीत दुखत होतं. घरात एकटी. फोन लागला... पण पलीकडे कुणी आलंच नाही. ती अकरा मिनिटं चाळीस सेकंद थांबली. नंतर थांबायला ती उरली नाही.

चौकशी झाली. चौकशीत भाऊजींचा आलेख दाखवला गेला. सगळे ठिपके तळाशी, एक इकडचा तिकडे नाही. मग ठरलं, की दोष बाईच्या फोनचाच असणार.

भाऊजी सुटले. त्या दिवशी घरी मिठाई घेऊन आले होते म्हणे. ताईला त्यांनी कारण सांगितलं नाही.

तिसऱ्यांदा त्यांनी चाचणी लावली, ती शून्य भाडोत्र्यांवर. एकही कॉल नाही.

कोरा पडदा. ते खुर्चीत बसून राहिले. खोलीत यंत्रांची घरघर चालू होती. नंतर त्यांच्या लक्षात आलं, की घरघर थांबली आहे. रस्त्यावरचे हॉर्न थांबले आहेत. स्वतःच्या खुर्चीची करकरसुद्धा ऐकू येत नव्हती.

अकरा मिनिटं.

अकरा मिनिटं वीस.

चाळीस...

टप्पकन ठिपका पडला.

यादीत नाव एकच होतं. नाव कसलं, नुसता अंक. एक.

त्यांच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये ठिपक्यावर दाबलं, की त्या कॉलचं रेकॉर्डिंग ऐकता येतं. भाडोत्र्यांच्या कॉलमध्ये काहीच नसतं, नुसती शांतता. भाऊजींनी हेडफोन लावला आणि दाबलं.

श्वास...

कुणीतरी मोठ्या कष्टाने श्वास घेत होतं. मागे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक.

"कोण आहे?" भाऊजींच्या तोंडून निघून गेलं. वेड्यासारखं. रेकॉर्डिंगला कुणी विचारतं का?

अर्ध्या सेकंदात उत्तर आलं.

"तुम्ही दोनदा पुसलंत. एकदा गेल्या वर्षी, एकदा आज."

बाईचा आवाज. चढलेला नाही, रडवेला नाही. शेजारीण दारात येऊन बोलते ना, तसा.

"माझं थांबणं तुम्ही पुसता. पुसल्याने ते संपत नाही हो. कुणाला तरी थांबावंच लागतं."

 भाऊजी हेडफोन काढायला हात उचलायला गेले, तो उचलेचना.

"घरी कोण असतं तुमच्याबरोबर?"

त्यांना सांगायचं नव्हतं. देवाशपथ सांगायचं नव्हतं, असं ते मला दहा वेळा म्हणाले. पण तोंड आपोआप उघडलं.

"मोठी बहीण."

"बरं. ठिपका राहू दिलात, तर मी जाते. पुसलात, तर तिच्याकडे येते. बघा, तुमचं तुम्ही ठरवा."

आवाज गेला. यंत्रांची घरघर पुन्हा सुरू झाली. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी शिव्या घालत होतं. सगळं पहिल्यासारखं.

घड्याळात तीन चाळीस. मधले तीन तास कुठे गेले, ते त्यांना अजून सांगता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, माणूस काय करील? मीही तेच म्हणते. बहीण एका पारड्यात असताना माणूस काय करील?

भाऊजींनी वीस मिनिटं विचार केला. ठिपका राहू दिला, तर अहवाल नापास. नापास झाला, तर साहेब विचारणार, गेल्या वर्षी असे ठिपके कुठे गेले होते? मग त्या बाईचं प्रकरण वर येणार. नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही. आणि स्वतःला समजावलं, की भास झाला असेल. सकाळपासून पोटात काही नाही, उपाशी माणसाला काय वाटेल ते ऐकू येतं.

चारला एक मिनिट कमी असताना त्यांनी एका चौकटीत खूण केली. दहा सेकंदांवरचं सगळं गाळावं. आत्ताचं आणि इथून पुढचं, कायमचं.

ठिपका गेला. अहवाल गेला.

संध्याकाळी ते घरी आले. ताई ओट्याशी उभी राहून काहीतरी चिरत होती.

"ताई, आलो गं. कायम झालो!"

ताई चिरत राहिली.

"ताई?"

सुरीचा आवाज तेवढा. टक. टक. टक.

"रागावलीस का? उशीर झाला म्हणून?"

काही नाही. भाऊजींना वाटलं, फुगली असेल. हातपाय धुतले, कपडे बदलले, येऊन खुर्चीत बसले. ताई आता भांडी लावत होती. आणि एकाएकी, पाठमोरीच, खुशीत येऊन ती ओरडली...

"अरे वा! कायम? आण बघू आधी पेढे, मग सांग!"

भाऊजींनी घड्याळाकडे पाहिलं नाही. गरजच नव्हती. किती मिनिटं झाली असतील ते त्यांना माहीत होतं.

पाठोपाठ, मध्ये कुणी काही विचारलेलं नसताना, ताई म्हणाली, "काय रे?" मग थोडं थांबून, "छे, रागावू कशाला?"

सोमवारी हेल्पलाइन सुरू झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर भाऊजींची पाठ थोपटली. दहा सेकंदांवर एकही कॉल नाही! शहरात म्हणे कुणी ताटकळतच नव्हतं.

आणि घरी ताईचं उत्तर मिनिटामिनिटाने लांबत चाललं.

बुधवारी ती भाऊजींचा शर्ट इस्त्री करत होती. भाऊजी बाहेरच्या खोलीत. त्यांना वास आला. आधी वाटलं, कापड जळतंय. धावत जाऊन पाहिलं, तर इस्त्री ताईच्या डाव्या हातावर टेकलेली होती. आणि ताई शांतपणे शर्टाकडे बघत उभी होती.

त्यांनी इस्त्री ओढून फेकली. हात पाण्याखाली धरला, मलम लावलं, पट्टी बांधली, तिला पलंगावर बसवलं. तिच्या तोंडातून हूं नाही की चूं नाही. भाऊजी शेजारी बसले. मनात म्हणाले, निदान दुखत तरी नाहीये बिचारीला.

एकोणीस मिनिटांनी ताई किंचाळली.

पलंगावर बसल्या बसल्या, पट्टी बांधलेल्या हाताने, अशी किंचाळली की शेजारचे दार वाजवायला लागले.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. मेंदूचे फोटो काढले. सगळं स्वच्छ. एका डॉक्टरने तर सांगितलं, बाई नाटक करताहेत. ताईने त्याला जे उत्तर दिलं ना, ते झणझणीत होतं, पण तोवर भाऊजी तिला घेऊन घरी पोचले होते. जिन्यात उभी राहून ती भिंतीला शिव्या देत होती.

दुसऱ्या आठवड्यात भाऊजींनी हिंमत करून विचारलं, "ताई, इस्त्री लागली तेव्हा तुला कळलंच नाही का गं?"

दोन तासांनी उत्तर आलं.

"तेव्हाच कळलं रे बाबड्या. भाजलं तेव्हाच भाजलं. ओरडायला माझा नंबर लागेना."

हे ऐकून मी फोनवर रडले. मग तडक गाडी पकडून गेले. तोवर महिना उलटला होता.

ताई खुर्चीत बसली होती. निम्मी झाली होती बाई. मी समोर बसले, तिचा हात हातात घेतला, म्हटलं, "ताई, मी आलेय." ती माझ्याकडे बघत होती. डोळे मात्र जागे होते हो... अगदी जागे. माझ्या प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते. संध्याकाळपर्यंत बसले, एक अक्षर नाही. परत आले. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजींचा फोन.

"वहिनी, ताई आत्ता बोलली."

"काय म्हणाली?"

"रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, 'बरं झालं आलीस. याला सांग, ती खूण काढ म्हणावं.'"

 खुणेचं मला तोवर माहीतच नव्हतं. ताईला तर त्यांनी चकार शब्द सांगितला नव्हता.

मी त्यांना फैलावर घेतलं. तेव्हा कुठे रविवारचं, बाईचं, चौकशीचं सगळं बाहेर आलं. मी ओरडले, "अहो, मग काढा ना ती खूण! आजच्या आज काढा! हात आहे का नाही तुम्हाला?"

"काढतो वहिनी. सोमवारी काढतो."

तो सोमवार गेला. त्याच्या पुढचाही गेला. तीनदा बोट ठेवलं, म्हणाले. पण खूण काढली की सगळे गाळलेले ठिपके परत दिसणार, मग गेल्या वर्षीचंही उकरलं जाणार. "जरा स्थिरस्थावर होऊ दे, वहिनी."

कुणाचं स्थिरस्थावर? माझ्या तोंडी फार वाईट शब्द आला होता. गिळला.

त्यांनी काय केलं माहितीये? स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद लावला. खाली आडव्या तारखा, बाजूला उभे उत्तराला लागलेले दिवस. ताईच्या प्रत्येक उत्तराचा एक ठिपका. बहिणीचा आलेख! ठिपके वर चढत गेलेले. आधी हळू, मग उभ्या चढणीसारखे. एक दिवस, चार दिवस, पंधरा दिवस.

तिसऱ्या महिन्यात ताई न्हाणीघरात पडली. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, जखम भरली, काठी घेऊन चालायलाही लागली. तोंडातून आवाज नाही. ती किंचाळी अजून यायची आहे. भाऊजींनी आलेखावरून हिशेब केलाय. दिनदर्शिकेवर गोल करून ठेवलाय, पुढच्या महिन्याच्या एकोणीस तारखेला. त्या दिवशी रजा टाकलीय म्हणाले.

मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. आवाज अगदी साधा.

"वहिनी, आज दुपारी मी ताईसमोर बसलो. पाय धरले. सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. आणि विचारलं, 'ताई, मला माफ केलंस का?'"

"बरं."

"चढणीच्या हिशेबाने उत्तर यायला सात-आठ महिने लागणार होते. म्हणून विचारलं आणि उठायला लागलो."

"मग?"



"लगेच बोलली. माझा प्रश्न संपायच्या आत. पहिल्यासारखी."

"काय म्हणाली?"

"'नाही' म्हणाली."

 मी विचारलं, आवाज कुणाचा होता? त्या बाईचा होता का? मला ते हवं होतं, हो म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"ताईचाच होता," भाऊजी म्हणाले. "नंतर पुन्हा गप्प झाली."

 काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तो ठिपका लावलात का कागदावर? अगदी तळाशी येईल तो."

"नाही लावला," ते म्हणाले. "एकच तर आहे, वहिनी. अपवाद धरायचा."

मी फोन ठेवून दिला. एकोणीस तारखेला येता का म्हणून त्यांनी दोनदा निरोप पाठवलाय. मी अजून काही कळवलेलं नाही.